ओपल रेडिकचा पत्ता

आमच्या ब्रायर क्रीकमध्ये मोठमोठ्या गाड्या हाकणारी माणसं दोनच गोष्टींना वचकून असतात: एक गारपीट, दुसरी ओपल रेडिक. वय एकसष्ट, उंची बेताची, अंगावर शहर पोलिसांनी दिलेलं पोपटी जाकीट, हातात 'थांबा'ची लाल पाटी. सकाळी सात ते साडेआठ आणि दुपारी अडीच ते साडेतीन पोरांना रस्ता ओलांडून द्यायला ही बाई शाळेसमोरच्या रस्त्यात मधोमध उभी राहते. तिने पाटी वर केली की कोण मोठा लागून गेलाय ते बघत नाही, थांबायचं म्हणजे थांबायचं. एकोणीस वर्षं झाली, एका पोराला कधी खरचटलं नाही. फोनवर बोलत गाडी पुढे रेटणाऱ्या एका डॉक्टरला तिने काच खाली करायला लावून असं झापलं होतं, की तो बिचारा अजून शाळेवरून जाताना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतो.

आणि ही अशी खमकी बाई गेले अठरा महिने भिऊन जगत होती. पोस्टाची गाडी दाराशी थांबली की ही पडद्याआड. शाळेच्या ऑफिसातल्या जोलीनने नुसतं "मिस ओपल, जरा येता का?" म्हटलं की हातपाय गार. जोलीनला बिचारीला फक्त केकचा तुकडा द्यायचा असायचा. पण म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं.

चोरी कसली म्हणाल, तर पत्त्याची.

बावीस वर्षं ओपल मेस्क्विट लेनवर एकशे अठरा नंबरच्या भाड्याच्या घरात राहिली. जुन्या धान्याच्या गोदामामागे तीनच घरं, त्यातलं शेवटचं हिचं, त्या बाजूला गावातलं कुणी फिरकत नसे. म्हातारा मालक गेला, मुलांनी जमीन बिल्डरच्या घशात घातली आणि ओपलला बाडबिस्तरा गुंडाळावा लागला. भाऊ मरताना एक ट्रेलर मागे ठेवून गेला होता, ओढ्यापलीकडे, कटलर रोडच्या ट्रेलर पार्कात, लॉट नऊ. नातीला घेऊन ती तिथे गेली. अंतर म्हणाल तर अवघं चार मैल. पण मधला ओढा म्हणजे शाळेची हद्द. ओढ्याअलीकडची मुलं ब्रायर क्रीकच्या शाळेत, पलीकडची कटलरच्या. नकाशावर तशी रेघच आहे, आणि आमच्याकडे त्या रेघेपुढे कुणाचं काही चालत नाही.

मग नातीला तिकडच्या शाळेत घालायचं होतं ना, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

नातीचं नाव मार्नी. वय सात. तिची आई, ओपलची एकुलती एक मुलगी शॉना, तीन वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात गेली. मार्नी मागच्या सीटवर होती, पट्ट्यात बांधलेली, अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण त्या दिवसापासून घराबाहेर तिच्या तोंडून शब्द फुटेना. घरात बोलायची, तेही कुजबुजत. दाराबाहेर पाऊल पडलं की ओठ गच्च. डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे, शब्द भीतीने अडकलेत.

ते शब्द सोडवले ते मिस बाल्देरासनी. ब्रायर क्रीकच्या शाळेत या बाई मुलांना बोलायला शिकवतात. दोन वर्षं त्या रोज वीस मिनिटं मार्नीसमोर बसल्या. पहिले चार महिने दोघी नुसत्या एकमेकींकडे बघायच्या. मग एक 'हं' आला. मग 'नाही' आलं. आणि गेल्या नाताळच्या आधी एके दुपारी पोरीने आपलं नाव घेतलं. मिस बाल्देरास वर्गातून धावत सुटल्या त्या थेट भर रस्त्यात येऊन ओपलच्या गळ्यात पडल्या. दोघी रडतायत आणि दोन्हीकडच्या गाड्या गुपचूप थांबून राहिल्यात. भोंगा वाजवायची कुणाची छाती झाली नाही.

कटलरच्या शाळेत अशी बाई पंधरा दिवसांतून एकदा फिरकते, तेही यादीत नंबर लागला तर.

ओपलने रीतसर परवानगीचा अर्जही आणला होता. त्याच्यावर मोठा शिक्का: शाळा भरलेली आहे, बाहेरचे अर्ज बंद. शिक्षकांच्या मुलांना सवलत असते, पण ओपलचा पगार पोलीस खात्याचा. तिने तो अर्ज घडी करून गाडीच्या कप्प्यात कोंबला आणि तोंड मिटलं. दर ऑगस्टमध्ये सगळ्या पालकांना विजेचं बिल दाखवून पत्ता सिद्ध करावा लागतो. ती रांगेत उभी राहिली. जोलीन म्हणाली, "अहो मिस ओपल, तुमचं कसलं बिल बघायचंय? इथे सही करा आणि पळा, बाहेर गाड्या तुंबतील." सहीच्या वर बारीक अक्षरात छापलं होतं, की खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. पोलिसांचं जाकीट अंगात घालून ओपलने सही ठोकली.

ओढ्यापलीकडे गेल्यापासून ती घरी जाताना पुलावरून सरळ जात नसे. आधी उलट्या दिशेला, पेट्रोल पंपाला वळसा, चर्चच्या मागून, मग ओढा. चार मैलांचे नऊ व्हायचे. सकाळी मात्र बरं होतं, ती सगळ्यांच्या आधी यायची, मार्नी कोपऱ्यावर घडीच्या खुर्चीत बसून राहायची. या दोघी कुठून उगवतात ते बघायला कुणी जागंच नसायचं.

हे असंच निभलंही असतं. पण शाळा फुटायची वेळ आली. ओपलचं घर घशात घालणाऱ्या बिल्डरने गावाच्या कडेने ब्रायर रिज नावाची भलीमोठी वसाहत उठवली आणि सहाशे पोरांच्या शाळेत अकराशे पोरं झाली. मागच्या मैदानात तयार खोल्यांचे चौदा पत्र्याचे डबे आणून ठेवले आणि त्यात वर्ग भरवले. जेवणघर एवढंसं, म्हणून पहिली पंगत सकाळी सव्वादहाला. सव्वादहाला कुणाला भूक लागते हो? आणि शेवटच्या पंगतीची पोरं दीड वाजता भुकेने रडकुंडीला आलेली. शेवटी शाळा मंडळाने जाहीर केलं, की हद्दीच्या रेघा बदलणार. तीनशे मुलं दुसरीकडे जाणार. कुठली तीनशे, ते मे महिन्यातल्या सभेत ठरणार.

झालं! गावात जणू फाळणी झाली. ब्रायर रिजवाले म्हणाले, आम्ही ही शाळा बघूनच घर घेतलं. जुन्या गावातले म्हणाले, तुम्ही आलात म्हणून तर गर्दी झाली. बार्बेक्यूच्या दुकानात रांगेत उभी राहिलेली माणसं एकमेकांशी बोलेनात.

ब्रायर रिजची पुढारीण डार्सी पेनबर्टन. तीन मुलांची आई, उत्साहाचा नुसता धबधबा. मनाने वाईट नाही हं. ओपलला थंडीत गरम कॉफी आणून देणारी हीच. सभेच्या आठवडाभर आधी सकाळी ती रस्त्याच्या कडेला आली, हातात कॉफी, खांद्यावर पिवळे टी-शर्ट.

"मिस ओपल, हा तुमचा. मिडियम होईल ना?"

ओपलने टी-शर्ट उलगडला. समोर लिहिलेलं: रेघ हलवू नका. पाठीवर: पत्ते तपासा.

"पाठीवरचं काय गं हे?" ओपलने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"अहो तेच तर! मुलं हलवायची गरजच नाही. खोटे पत्ते देऊन घुसलेली बाहेर काढा, जागाच जागा." डार्सीने आवाज खाली आणला. "मी पंधरा दिवस दुपारी मुलांना न्यायला येणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपतेय. काल एका पांढऱ्या गाडीच्या मागे गेले. सांगू कुठे गेली? थेट पुलापलीकडे! काय निर्ढावलेली माणसं असतात हो."

ओपलने पाटी उचलली. रस्ता रिकामा होता, एकही मूल नव्हतं, तरी तिने उचलली. एक ट्रक मुकाट्याने थांबला.

"आणि हो, सभेत बोलणाऱ्यांत तुमचं नाव दिलंय मी."

"माझं? अगं बाई, मला नाही जमायचं. मला माइकची भीती वाटते."

"तुम्हाला? भीती?" डार्सी खळखळून हसली. "मिस ओपल, आमच्या नवऱ्यांना तुमची भीती वाटते! फक्त तीन मिनिटं. तुम्ही जुन्या, हद्दीतल्या, तुमचं मंडळ ऐकेल. नाही म्हटलंत तर लोक म्हणतील, मिस ओपल त्या पार्टीला मिळाली."

इकडे आड, तिकडे विहीर. नाही म्हणावं तर का नाही, हा प्रश्न. हो म्हणावं तर आपल्याच नातीला बाहेर काढा म्हणून आपल्याच तोंडाने सांगायचं. ओपल हो म्हणाली. मनात हिशोब केला, पत्ते तपासायचं बोलायचंच नाही. लहान पोरांना लांब पाठवू नका, रस्ते वाईट आहेत, एवढं म्हणायचं आणि बसायचं.

त्याच दुपारी मिस बाल्देरास आपल्या वर्गाच्या डब्यातून हसत बाहेर आल्या. "मार्नीला तीन वाक्यं शिकवतेय. माझं नाव, आजीचं नाव आणि पत्ता. हरवली तर पोलिसांना सांगता आलं पाहिजे ना. पहिली दोन म्हणते हो, मला ऐकू येईल इतपत. पत्त्याला मात्र अडते. घरी घोकून घ्या जरा."

ओपलच्या पायाखालची जमीन सरकली. तरी ती म्हणाली, "घेते की."

ट्रेलरमध्ये मक्याचा ब्रेड भाजता भाजता तिने नातीला समोर बसवलं. मार्नी तिला मीमॉ म्हणते. आमच्याकडे आजीला तसंच म्हणतात.

"म्हण बाळा. एकशे अठरा, मेस्क्विट लेन."

मार्नीने मान हलवली. "तिथे खड्डा आहे, मीमॉ."

खरंच होतं. मार्चमध्ये घर पाडलं होतं. बिल्डरने तिथे पावसाचं पाणी साठवायला तलाव खणला होता. पोरीने गाडीतून पाहिलं होतं.

"आहे, पण शाळेत तोच पत्ता सांगायचा."

"मिस बाल्देरास म्हणतात, जिथे आपला बिछाना असतो तो पत्ता. माझा बिछाना इथे आहे." मार्नीने पडद्यामागे बोट दाखवलं. मग बराच विचार करून कुजबुजली, "मी हरवले तर पोलीस मला खड्ड्यात नेऊन सोडतील?"

पोरगी बरोबर बोलत होती. "खा बघू आता," म्हणून ओपलने ब्रेडचा तुकडा तिच्यापुढे सरकवला, आणि स्वतःचा मात्र परत ताटलीत ठेवला.

गुरुवारी साडेसहाला हायस्कूलच्या सभागृहात माणूस मावेना. एकीकडे ब्रायर रिजचे पिवळे, एकीकडे जुन्या गावाचे हिरवे टी-शर्ट, मध्ये अंगावर काहीच न लिहिलेली बापडी माणसं. भिंतीवर तीन रंगांचे नकाशे. व्यासपीठावर मंडळाचे सात जण, मधोमध अध्यक्ष लॉफ्टिस, मोटारींचे टायर विकणारा सालस गृहस्थ. खाली माइक, त्याच्यावर वेळ दाखवणारा हिरवा, पिवळा, लाल दिवा. मार्नीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ओपलने तिला जोलीनशेजारी बसवलं, रंगांची वही दिली. मागच्या भिंतीशी मिस बाल्देरास उभ्या होत्या.

बोलणाऱ्याने आधी नाव आणि पत्ता सांगायचा, रेकॉर्डसाठी, ही आमच्याकडची जुनी पद्धत. ओपलला ती माहीत होती. बावीस वर्षं सांगितलेला पत्ता, झोपेतून उठवलं तरी तोंडातून निघेल. तेवढा एकदा निघाला की झालं.

पण यंदा मंडळाने नवं खूळ काढलं होतं. नकाशे करणारा एक पोरगेला इंजिनियर कोपऱ्यात संगणक घेऊन बसला होता. बोलणाऱ्याने पत्ता उच्चारला की तो टाईप करायचा, आणि मोठ्या पडद्यावर लाल ठिपका टपकन पडायचा. नकाशा कसला, विमानातून काढलेला फोटोच. घरांची छपरं दिसत होती. अंगणातल्या गाड्या दिसत होत्या.

ओपल पाचवी होती. पहिला ठिपका पडला आणि तिच्या लक्षात आलं. एकशे अठरा मेस्क्विट म्हटलं की तो ठिपका पाण्यात पडणार. चारशे लोकांसमोर, निळ्याशार तलावाच्या मधोमध.

आता उठून जावं? दार मागे, मध्ये चारशे लोक. चक्कर आली म्हणावं? ती तर खरोखरच येऊ घातली होती.

पहिला बोलणारा एक बाप होता, हिरव्या टी-शर्टातला. "माझ्या मोठीने चार वर्षांत तीन शाळा बघितल्या. माझं घर तिथेच आहे हो! मी हललो नाही. तुमची रेघच नाचते." लोक हसले, तो हसला नाही. मग भाड्याच्या इमारतीत राहणारी एक बाई आली, दवाखान्याच्या कपड्यांतच, ड्यूटीवरून थेट. म्हणाली, "दर वेळी कात्री आमच्याच इमारतींवर का चालते? ब्रायर रिजची मुलं काय काचेची आहेत?" पिवळ्या बाजूने आरडाओरडा झाला. लॉफ्टिसनी हातोडी आपटली. तिसरा ब्रायर रिजचा, आवाज चढवून म्हणाला, "आम्ही नियमाने राहतो, नियमाने पत्ता देतो, आणि शिक्षा आम्हाला?"

चौथी डार्सी. नाव, पत्ता, टपकन ठिपका, लालबुंद कौलांवर. "या शाळेत किमान चाळीस मुलं अशी आहेत, ज्यांचा इथे हक्क नाही. आमच्या मुलांची जागा चोरलीय त्यांनी. चोराला चोर म्हणायला आपण घाबरतो कशाला?" पिवळी बाजू उठून टाळ्या वाजवायला लागली. ओपलनेही वाजवल्या. आजूबाजूचे सगळे वाजवत होते, हात आपोआप वाजले. तिची तिलाच किळस आली.

"पुढचं नाव, मिस ओपल रेडिक."

हिरवे, पिवळे, सगळेच ओरडले, "मिस ओपल!" कुणीतरी शिट्टी मारली. सगळ्या गावाची पोरं तिने हाताला धरून रस्ता ओलांडून दिलेली. ती माइकपाशी गेली.

"माझं नाव ओपल रेडिक," ती म्हणाली.

इंजिनियरची बोटं संगणकावर तयार.

ओपलने तोंड उघडलं. एकशे अठराचा 'ए' जिभेवर आला आणि तिथेच बसला. पडद्यावर तिला तो तलाव दिसत होता. ठिपका अजून पडला नव्हता, पण तिला तो दिसत होता. तिने पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

"पत्ता, मिस ओपल," लॉफ्टिस प्रेमाने म्हणाले. "घाई नाही. रेकॉर्डसाठी."

शब्दच येईना. कुणीतरी खोकलं. हिरवा दिवा तसाच जळत होता. एकोणीस वर्षं भर वाहतुकीत उभी राहणारी बाई दोन शब्दांसाठी गटांगळ्या खात होती.

आणि तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला. बारीक, थोडा घोगरा, पण खणखणीत.

"माझं नाव मार्नी रेडिक."

ओपल वळली. पोरगी खुर्चीवर उभी होती. हातातली वही छातीशी गच्च धरलेली, चेहरा पांढराफटक, नजर फक्त आजीवर. शब्द अडकतात म्हणजे काय होतं हे त्या सभागृहात कुणाला माहीत असेल तर तिलाच. मीमॉ अडकली होती, म्हणून मार्नी सोडवायला उठली होती.

"माझ्या आजीचं नाव ओपल रेडिक." तिने श्वास घेतला. "आम्ही कटलर रोड, लॉट नऊमध्ये राहतो."

मागच्या भिंतीशी मिस बाल्देरासनी दोन्ही हात तोंडावर दाबले. जोलीन ओक्साबोक्शी रडायला लागली. तिला ठाऊक होतं ना, ही पोर दोन वर्षांत ऑफिसात कधी 'हाय'सुद्धा म्हणाली नव्हती. दोन-तीन शिक्षकांनी टाळ्या सुरू केल्या. ओपलच्या डोळ्यांपुढे शॉना उभी राहिली, आणि क्षणभर, एकच क्षण, ती सगळं विसरून नुसती नातीकडे बघत राहिली.

मग पडद्यावर टपकन ठिपका पडला.

ओढ्यापलीकडे. रेघेबाहेर. ट्रेलरच्या पत्र्यावर.

टाळ्या एकेक करून थांबल्या. कुजबुज पुढून मागे सरकत गेलेली ओपलला ऐकू आली. टाळीसाठी उचललेला डार्सीचा हात हवेतच राहिला होता. तिच्या तोंडावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ती भांबावलेली होती.

लॉफ्टिसनी चष्मा काढला. "मिस ओपल," ते सावकाश म्हणाले, "कटलर रोड काही आपल्याकडे येत नाही. लहान मूल आहे, काहीतरी घोळ झाला असेल तिचा. हो ना? जुना पत्ता असेल, कुणा नातेवाइकाचा असेल."

भला माणूस. दार उघडून धरलं होतं त्याने.

"हो, तसंच असणार," डार्सीही घाईघाईने म्हणाली. तिलाही तसंच व्हायला हवं होतं. "मिस ओपल मेस्क्विट लेनला राहतात, सगळ्या गावाला माहितेय."

सगळं गावच तिला वाचवायला उभं होतं. एवढंच म्हणायचं होतं: लेकरू चुकलं. शाळा राहिली असती, मिस बाल्देरास राहिल्या असत्या, पोपटी जाकीट राहिलं असतं. लोकांनी कौतुकाने हसून सोडून दिलं असतं.

मार्नी अजून खुर्चीवर उभी होती. वाट बघत होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा चारशे माणसांपुढे तोंड उघडलं होतं, आणि आता तिला ऐकायचं होतं की ते बरोबर आलं का.

ओपल घाबरली होती. ते सगळ्यांना दिसलं. पण तिने माइक धरला आणि म्हणाली,

"ती चुकलेली नाही. तिने सांगितलं ते बरोबर आहे. कटलर रोड, लॉट नऊ. तिथे तिचा बिछाना आहे. लिहून घ्या."

रेकॉर्ड लिहिणाऱ्या कारकून बाईने लॉफ्टिसकडे बघितलं. लॉफ्टिसनी मान खाली घातली. तिने लिहून घेतलं.

"अजून दोन मिनिटं आहेत तुमची," कुणीतरी म्हणालं.

"माझं झालं," ओपल म्हणाली.

ती तिसऱ्या रांगेत गेली, नातीला खुर्चीवरून खाली उतरवलं, हाताला धरलं आणि मधल्या वाटेने निघाली. रस्ता ओलांडून देताना धरते तसंच, मनगटाजवळ, घट्ट. माणसांनी पाय आखडून वाट दिली. मिस बाल्देरास दाराशी आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी मार्नीच्या केसांवरून हात फिरवला.

बाहेर अजून उजेड होता. ओपलने गाडी काढली आणि पेट्रोल पंपाकडे न वळता सरळ पुलाकडे नेली. आता वळसा कशाला घालायचा? सकाळी सात वाजता जाकीट घालायचं की नेऊन द्यायचं, तिला कळेना. मार्नीला शाळेत किती दिवस राहू देतील, त्या सहीचं पुढे काय होणार, कोण येणार, कागद येणार की माणूस येणार, काहीच कळेना. आरशात ती पुन्हा पुन्हा बघत होती. मागे कुणी नव्हतं.

मागच्या सीटवर मार्नी बोलत होती. गाडीत! घराबाहेर! कुजबुजतही नव्हती. दुकानांच्या पाट्या वाचत होती, एकामागून एक, मोठ्याने.

"मीमॉ, तू अडकलीस ना मघाशी?"

"हो गं बाई. अडकले."

"मला कळलं लगेच." तिने अजून एक पाटी वाचली. "बरोबर आलं ना माझं?"

"अगदी बरोबर आलं."

पूल आला. खाली ओढ्यात पाणी जेमतेम होतं.

"उद्या मिस बाल्देरासना पुन्हा म्हणून दाखवते," मार्नी म्हणाली. "त्या लांब उभ्या होत्या, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. आणि मग सोमवारी म्हणेन, आणि रोज म्हणेन. चालेल?"

ओपलने खिडकीची काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"उद्या तर म्हण," ती म्हणाली.